भिंती वाजवणारे निकमकाका

निकमकाका कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीशी बोलतात आणि मग माणसांशी. दारात चपला काढायच्या, आत यायचं, आणि यजमान 'बसा' म्हणायच्या आत उजव्या हाताचं बोट वाकवून जवळच्या भिंतीवर टकटक करायचं. मान जराशी तिरकी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या वैद्याचा भाव. "भरीव आहे," असं म्हणाले तर घरमालकाने सुखाने चहा टाकावा. पण "हं..." एवढंच म्हणून थांबले, तर त्या घरातलं घड्याळ, देव्हारा आणि टीव्ही यांचं काही खरं नाही असं समजावं.

लखनऊच्या तेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'ठक-ठक अंकल' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "आपण वाजवतो म्हणून लोक म्हणतात. यात खोटं काय आहे?" असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या श्रीवास्तवजींचे वडील गेले. आम्ही सगळे भेटायला गेलो. खाली सतरंजी, भिंतीवर बाबूजींचा नुकताच टांगलेला भला मोठा फोटो, त्याला हार. निकमकाका नेमके फोटोखाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी वर बघितलं आणि वीतभर पुढे सरकले. पुन्हा वर बघितलं, पुन्हा सरकले. सरकत सरकत ते खोलीच्या मध्यावर आले, तेव्हा श्रीवास्तवजींनाच राहवेना.

"क्या हुआ, निकम साहब?"

"बाबूजी किस पे टँगे हैं?" काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

"जी?"

"मतलब फोटो. कील है कि स्क्रू?"

कील होती, म्हणजे साधा खिळा. काका उठले, घरून ड्रिल घेऊन आले आणि त्या सुतकाच्या घरात घर्रर्र सुरू झालं. बाबूजींना उतरवलं, पुन्हा चढवलं, हार सरळ केला. मग काकांनी चौकट दोन्ही हातांनी खेचून बघितली आणि जाहीर केलं, "अब नहीं गिरेंगे." सकाळपासून एक शब्द न बोललेल्या श्रीवास्तवजींच्या आई म्हणाल्या, "ज़िंदगी भर तो गिरते-पड़ते ही रहे, चलो, अब तो टिकेंगे." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग सगळेच हसले. त्या घरात आजही सणावाराला पहिली वाटी काकांकडे जाते.

ज्ञानदेव निकम मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. हवाई दलात विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे फिटर होते. शेवटचं पोस्टिंग इथून जवळच, बख्शी का तालाबच्या विमानतळावर झालं, आणि निवृत्त झाल्यावर इकडेच राहिले. कुसुमकाकूंना म्हणे इथली थंडी आवडायची. काकू जाऊन आता काही वर्षं झाली. वैशाली, त्यांची मुलगी, कॅनडात असते आणि दर रविवारी फोन करते. "ती उठते तेव्हा माझी झोपायची वेळ," काका सांगतात. "ड्युटी बदलताना गेटवर गाठ पडावी, तसं आमचं बोलणं."

फिटरचा स्वभाव नोकरीबरोबर संपला नाही. "रस्त्यात गाडी बिघडली तर बाजूला लावता येते, ताई. विमान कुठं बाजूला लावणार?" या एका वाक्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं आहे. त्यांचा लाडका प्रश्न म्हणजे 'लोड किती?' मग विषय पडद्याच्या दांडीचा असो, दूधवाल्याच्या मोटारसायकलला लटकणाऱ्या कॅनचा असो, नाहीतर कुणाच्या ठरत आलेल्या लग्नाचा असो. "मुलगा चांगला आहे हो, पण घरात सासू, आजेसासू, दोन नणंदा. लोड किती पडणार पोरीवर?" नकार द्यायचा झाला तर 'नाही' म्हणत नाहीत. "निगेटिव्ह!" म्हणतात. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर मखर उभं राहिल्यावर काका स्वतः त्याच्या आडव्या बांबूला लोंबकळतात. ते उतरेपर्यंत मूर्ती आत आणायची नाही, असा अलिखित नियम आहे. एकदा नवीन आलेले एक कर्नलसाहेब सोवळं नेसून, हातात गणपती घेऊन दारात ताटकळत उभे होते आणि समोर निकमकाका वटवाघळासारखे झुलत होते.

आमची आणि त्यांची ओळखही भिंतीवरूनच झाली. मी इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करते. माझे यजमान श्रीधर कामानिमित्त सतत फिरतीवर असतात. आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने हॉलमध्ये जिप्सम बोर्डाची भिंत घालून एक जादा खोली काढलेली होती. ती आमच्या इराला मिळाली. काका पहिल्यांदा घरी आले, बाकीच्या भिंतींना "भरीव, भरीव" असे शेरे देत त्या खोलीपाशी पोचले आणि टकटक केल्यावर एकदम हात मागे घेतला.

"ताई," ते दुःखाने म्हणाले, "तुम्ही घर घेतलं. पण ही खोली नाही, हा खोका आहे."

"पण दिसते तर चांगली," मी म्हटलं.

"दिसायचं सांगूच नका. पुठ्ठ्याच्या दोन कागदांत चुन्यासारखी भुकटी. हिच्यावर कॅलेंडर लावा. तेही चालू महिन्याचं पान ठेवून बाकीची फाडून."

आता नेमकं त्याच भिंतीवर कॅलेंडर होतंच, आणि ते गुडघ्याच्या उंचीवर होतं. काकांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कॅलेंडर उचललं. खाली मूठ जाईल एवढं भोक. झालं होतं असं, की इराने कॉलेजात गेल्यावर गिटार घेतली होती. ती गिटार दिवसा पलंगावर, झोपताना खुर्चीवर आणि कुणी पाहुणे आले की कपाटाच्या डोक्यावर अशी निर्वासितासारखी फिरायची. म्हणून श्रीधरने एका रविवारी भिंतीत खिळा ठोकायला घेतला. पहिल्याच घावाला खिळा लोण्यात जावा तसा आत गेला तो परत दिसलाच नाही. दुसऱ्या घावाला हातोडीही गेली.

"इतक्या खाली का ठोकला?" काकांनी विचारलं.

"वरचं भोक पोस्टरखाली आहे," इराने सांगून टाकलं. म्हणजे तिच्या भाषेत, "ऊपर वाला पोस्टर के पीछे है, अंकल." ती लखनऊत जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं.

काकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यात तेज होतं. "गिटार टांगायची आहे? याच भिंतीवर?"

"इसी पे. बाकी जगह धूप आती है, और उधर कूलर की सीलन है."

"पोरीला कळतं," काका मला म्हणाले. "लाकूड आहे, ऊन आणि ओल दोन्ही चालायचं नाही. ठीक आहे. टांगू. पण भिंतीला विचारून टांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजर झाले. हातात जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, त्याला दोरा बांधलेला. जिप्समच्या बोर्डामागे ठराविक अंतरावर पत्र्याचे उभे चॅनेल असतात आणि बोर्ड त्यांनाच स्क्रूने मारलेले असतात. वर रंग दिला की स्क्रू दिसत नाहीत, पण चुंबकाला लागतात. ते स्क्रू सापडले की चॅनेल सापडला, आणि वजन पेलतो तो चॅनेल. बोर्ड नुसता पुढे उभा असतो. हे सगळं काकांनी आम्हाला समजावून सांगितलं आणि मग ते विहिरीचं पाणी शोधणाऱ्यासारखे चुंबक झुलवत भिंतीवरून हिंडू लागले. कुठे 'टक्' करून चुंबक चिकटलं की "सापडला!" अशी आरोळी. पेन्सिलीने फुली. सकाळभरात भिंतीला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

"लोड किती?" अर्थात पुढचा प्रश्न.

गिटारचं वजन कुणाला माहीत? काका म्हणाले, वजनकाट्यावर इराने आधी नुसतं उभं राहायचं, मग गिटार घेऊन.

"मेरा वज़न कोई नहीं देखेगा," इरा म्हणाली आणि हाताची घडी घातली.

मग काकाच उभे राहिले, आधी नुसते, मग गिटार छातीशी धरून, बाळंतपणाच्या वॉर्डात नातवाला धरल्यासारखी. "आकडा वाच गं," ते म्हणाले. इराने वाचला. गिटारचं वजन निघालं ते एका हाताने सहज उचलता येईल एवढं. काकांनी ते कित्येक पटींनी वाढवलं. "विमानात असंच करतात."

खरी अडचण वेगळीच निघाली. बाजारातून आणलेलं गिटारचं हुक काकांनी उलटसुलट करून बघितलं. "हे हिच्या कमरेला कुठं बसणार?"

"कमर नहीं, अंकल. गर्दन से लटकती है."

"मानेनं? निगेटिव्ह! माणसाला असं टांगलं तर त्याला फाशी म्हणतात."

"सबकी ऐसे ही टँगती है. नेक वहीं सबसे मज़बूत है."

काकांनी गिटारची मान चाचपून बघितली. बराच वेळ गेला. "हिला चालत असेल तर माझी हरकत नाही," असं ते शेवटी नाखुशीने म्हणाले.

हुक लागलं. दोन स्क्रू, वर एक, खाली एक. मग चाचणी. गिटारऐवजी हुकाला आधी कणकेची पिशवी टांगली, मग तिला डाळीची जोडली, मग तांदळाची. ती गाठोडी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत, कारण कणीक ड्युटीवर होती. दिवेलागणीला काकांनी गाठोडी उतरवली, भिंतीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "ओके म्हणजे ओके. टांग गं."

इराने गिटार टांगली. ती भिंत, जिला आम्ही रोज शिव्या घालत होतो, एकदम खोलीसारखी दिसायला लागली. काका तिच्यासमोर उभे राहून असे बघत होते, की जणू गिटार त्यांचीच असावी.

काही आठवडे छान गेले. इरा रोज कॉलेजातून आली की गिटार उतरवायची, वाजवायची, पुन्हा टांगायची. कॉलेजच्या महोत्सवात तिला वाजवायचं होतं. काका अधूनमधून 'इन्स्पेक्शन'ला यायचे, हुक हलवून बघायचे, चहा प्यायचे आणि एखादी धून ऐकून जायचे. धून कळायची नाही. "तारांचा ताण बरोबर आहे," अशी दाद द्यायचे.

आणि महोत्सवाला आठवडा राहिला असताना एका दुपारी गिटार पडली.

मी स्वयंपाकघरात होते. सगळ्या तारा एकदम ओरडल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग इराचा. धावत गेले. गिटार टेबलाच्या कडेवर आपटून खाली आली होती. बाजूला चीर गेली होती, एक खुंटी वाकली होती. भिंतीवरचं हुक खालच्या स्क्रूवर उलटं लोंबत होतं. इरा जमिनीवर बसून गिटारला आणि डोळ्यांना आलटून पालटून हात लावत होती.

काकांना कळवावं की नाही, असा मला प्रश्न पडला. पण आवाज त्यांच्यापर्यंत खाली पोचलाच होता. ते पिशवी घेऊन आले. "कुणी हात लावला नाही ना?" हा पहिला प्रश्न. अपघात झालेल्या विमानाजवळ जावं तसे ते भिंतीजवळ गेले.

आधी त्यांनी स्क्रूला दोष दिला. मग बोर्डाला. मग इराला विचारलं, "उतरवताना झटका देतेस का?"

"नहीं अंकल, आराम से उतारती हूँ."

मग ते स्वतःवर आले. "चूक माझीच आहे. कणीक एकदा टांगली की टांगली. गिटार रोज उतरते, चढते. तो हेलकावा मी धरला नाही." त्यांनी सुटून आलेला वरचा स्क्रू बोटांत फिरवला. पांढरी भुकटी सोडून त्यावर काही नव्हतं. पत्र्यात गेल्याचा ओरखडा नव्हता. "पण हा... हा चॅनेलमध्ये गेलाच नाही. असं कसं होईल? मी खूण केली होती." ते भिंतीला नाक लावून उभे राहिले. "खूण कुठं आहे?"

खूण त्यांच्या नाकासमोर होती. काळीभोर फुली, आणि तिच्यापासून बोटभर बाजूला ते फाटलेलं भोक. मला दिसत होती, इराला दिसत होती. काका भिंतीवर तळहात फिरवत होते, फुलीवरूनच फिरवत होते.

"कुठंय गं?"

इराने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मिट गई होगी, अंकल."

काकांचा हात थांबला. "पुसली नसणार," ते हळूच म्हणाले. "मी दाबून काढली होती." त्यांनी स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला, पिशवी उचलली आणि चहा न घेता निघून गेले.

गिटार आम्ही निशातगंजच्या एका वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीला दिली आणि ती महोत्सवाच्या आधी मिळाली. इराने वाजवलं, टाळ्या मिळवल्या. पण काका आले नाहीत. नंतरही आले नाहीत. जिन्यात भेटले तर "जरा कामात आहे, ताई" म्हणून कठड्याला धरून हळूहळू उतरून जायचे. सोसायटीतल्या मिश्राजींनी नवीन पडद्याची दांडी आणून ठेवली होती, ती तशीच कोपऱ्यात उभी राहिली. काकांनी "दुसरा माणूस बघा" असं सांगितलं म्हणे. सोसायटीत कुणाच्याही घरी भिंत वाजेनाशी झाली.

शेवटी इराच म्हणाली, "मम्मा, चलो." थालीपीठं डब्यात भरून आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो.

त्यांच्या घरात खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ होती, की काका बातम्या देणाऱ्या बाईच्या मांडीवर बसत असावेत. मोबाइलवरची अक्षरं एवढी मोठी केली होती, की मुलीचा फोन आला तर पडद्यावर 'वैशा' एवढंच मावायचं. काकांनी चहा केला. चहात वेलदोड्याच्या जागी ओवा होता. आम्ही दोघींनी तो संपवला. इराने तर "अच्छी है" असंही सांगितलं.

"अंकल, गिटार फिर से टाँगनी है," ती म्हणाली.

"दुसरा माणूस बघ, बाळ."

"आँखें मेरी, हाथ आपका."

"निगेटिव्ह."

इरा उठली. "ठीक है. फिर मैं कील ठोक दूँगी."

"कील?" काका खुर्चीतून अर्धवट उठले.

"हाँ. लंबी वाली. हथौड़ी है घर पे."

"जिप्सममध्ये खिळा! आवो ताई, तुमच्या घरात हे चाललंय काय?" आणि ते चपला शोधायला लागले. इराने त्या त्यांच्या पायाजवळ सरकवल्या.

या वेळी काकांनी बेतच बदलला. एका चॅनेलच्या भरवशावर राहायचं नाही. जाड प्लायवूडची फळी घ्यायची, ती दोन चॅनेलना आडवी मारायची आणि हुक त्या फळीत बसवायचं. "सगळा भार एकावर कशाला? दोघांत वाटला की दोघंही टिकतात." पेन्सिल त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवली. चुंबक जिथे चिकटलं तिथे इराने लाल चिकटपट्टीचे मोठे तुकडे लावले. ड्रिल काकांनी तिच्या हातात दिलं आणि आपले हात तिच्या हातांवर ठेवले. "घाई नाही. आवाज ऐक. भुकटीत जाताना घुर्र करेल. पत्रा लागला की किंचाळेल. किंचाळला की समज, पोचलो."

किंचाळला. दोघांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं. सगळे स्क्रू किंचाळतच गेले. या वेळच्या चाचणीत कणीक नव्हती. इरा गिटार उतरवून पुन्हा टांगायची, पुन्हा उतरवायची, आणि काका खुर्चीत बसून फक्त ऐकत होते. तिचा हात दुखायला लागला तेव्हा "ओके म्हणजे ओके" झालं.

त्याच खुर्चीत इराने त्यांना पकडलं. "अंकल, मोतियाबिंद है ना? ऑपरेशन क्यों नहीं कराते?"

काकांकडे उत्तरं तयार होती. थंडीत जखम भरत नाही. उन्हाळ्यात घाम डोळ्यात जातो. मग दशहरी आंब्याचे दिवस, डोळ्याला पट्टी बांधून आंबा खायचा म्हणजे काय? मग पाऊस, मग गणपती. "मखराला कोण लटकणार?"

"यानी साल में कोई महीना ही नहीं है," इरा म्हणाली.

"बघू," काका म्हणाले. पण इराने डॉक्टरांचं नाव विचारून वेळ ठरवूनच टाकली. काका भिडेखातर हो म्हणाले असावेत असं मला वाटलं. त्यांना ऑपरेशनची भीती वाटते, अशीही माझी पक्की समजूत झाली. विमानाखाली झोपून काम करणारा माणूस डोळ्याच्या डॉक्टरला घाबरतो, याची मला मनातल्या मनात गंमत वाटली.

ठरलेल्या सकाळी मी काकांना गाडीने घेऊन गेले. इरा कॉलेजातून परस्पर स्कूटीने येणार होती. दवाखान्याच्या दारात फार गर्दी होती, म्हणून काकांना तिथेच उतरवलं. "तुम्ही काउंटरवर नाव सांगा, मी गाडी लावून आलेच," असं सांगून मी पुढे गेले. जागा मिळायला वेळ लागला. परत आले तेव्हा काका काउंटरसमोर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ. मी त्यांच्या मागेच पोचले होते, पण मध्ये दोन माणसं होती.

"आज साथ में कौन है, अंकल?" काउंटरवरची बाई विचारत होती.

"आ रहे हैं. गाड़ी पार्क कर रहे हैं."

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "अंकल, पिछली बार भी आपने यही कहा था. बेटी गाड़ी पार्क कर रही है. हम लोग दोपहर तक रुके रहे. उसके पहले भी. बिना किसी के हम ऑपरेशन नहीं कर सकते, समझिए."

काकांनी काउंटरवरचा हात काढला नाही. मानही वळवली नाही. नुसते उभे राहिले.

मधल्या माणसांना बाजूला करून मी पुढे गेले. "मैं हूँ इनके साथ," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. आणि तेवढ्यात हातात हेल्मेट घेतलेली इरा धापा टाकत आली. "सॉरी अंकल, पार्किंग ही नहीं मिल रही थी!"

काउंटरवरची बाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं. "बैठिए, बैठिए," ती म्हणाली, आणि स्वतः उठून काकांसाठी खुर्ची सरकवली.

कागद भरून झाल्यावर आम्ही तिघं बाकावर जाऊन बसलो. इरा पाणी आणायला गेली, तेव्हा मी विचारलं, "काका, वैशालीला का नाही कळवलंत?"

"कळवलं असतं तर आली असती, ताई. लेकरं टाकून, नोकरी टाकून." ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "सोसायटीत कुणाला सांगायचं? ज्याचा त्याचा संसार. म्हटलं काहीतरी सांगून आत जाऊ. तर गाडी पार्क करतेय असं तोंडून गेलं." मग थोडं हसले. "पण एकदा म्हटलं ना, की मलाच खरं वाटायला लागलं. त्या लोकांबरोबर मी पण दाराकडं बघत बसलो होतो."

नाव पुकारलं गेलं. नर्सने त्यांना हिरवा झगा आणि टोपी चढवली. काकांनी घड्याळ काढून इराच्या मनगटात घातलं, चष्मा माझ्याकडे दिला. आतल्या दारापाशी पोचल्यावर ते थांबले आणि मागे वळले. त्या अंतरावरून आम्ही त्यांना दिसत नव्हतो हे उघड होतं. ते बाकाच्या साधारण दिशेने बघत होते, आमच्या जरा डावीकडे.

"ताई," त्यांनी मोठ्याने विचारलं. सगळी माणसं वळून बघायला लागली. "गाडी नीट लावलीय ना?"

"नीट लावलीय, काका," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर येईपर्यंत हलवत नाही."

त्यांनी मान डोलावली, टोपी सारखी केली आणि नर्सचा हात धरून आत गेले.